कावळ्याची झडती

समुद्रपूरच्या बाहेर, हिंगणघाटच्या रस्त्याला भैय्याजींचं कापसाचं जिन होतं. कापसाच्या हंगामात तिथे शंभरावर माणूस आत जाई आणि त्यातल्या प्रत्येकाला आधी फाटकवाल्या पुनाजीच्या हातांखालून जावं लागे.

फाटकाच्या आतल्या बाजूला भिंतीत एक फळी बसवलेली होती. सकाळी त्या फळीवर माचिशी मांडल्या जात. कुणाच्या पेटीला लाल दोरा, कुणाच्या पेटीवर चुन्याचं बोट, कुणी कोपरा दातांनी चावून ठेवलेला. वाचता फारसं कुणाला येत नव्हतं, पण संध्याकाळी एकाची पेटी दुसऱ्याच्या हातात कधी गेली नाही. पुनाजी त्या फळीकडे पाठ करून बसत नसे. कोंडून ठेवलेल्या जनावराकडे पाहावं तसा तो अधूनमधून तिच्याकडे पाही.

झडतीत तो पटका सोडायला लावी, कंबरेची घडी उलटी करी, कानामागे बोट फिरवी. बायांची झडती त्याची बायको सखू घेई आणि मग तीही त्यांच्याबरोबर आत जाई. पहाटे कापसाच्या बैलबंड्या येत तेव्हा आसाखाली टांगलेला कंदील पुनाजी स्वतः विझवी आणि काचेवर तळहात ठेवून उभा राही. काच थंड होईपर्यंत बंडी आत जात नसे. बंडीवाले कुरकुरत. बैल मुकाट उभे राहत.

"मामा, आता बैलाच्या पोटात हात घाला," जंगलू म्हणे. हा रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकणारा तरणा गडी होता, हसण्याशिवाय त्याला बोलता येत नसे. "इस्तो खाल्ला असंन त्यानं रातीच्याले."

"तुह्या पोटात घालतो आधी. कंबर सोड."

"रोज सोडतो ना बाप्पा. बायको नाई सोडाले लावत इतक्या वेळा."

लोक हसत. पुनाजी हसत नसे. त्याच्या हाताला जे शोधायचं होतं ते हसण्याच्या पलीकडे, फार मागे राहिलेलं होतं.

लढाई संपायच्या वर्षी याच जिनला आग लागली होती. पुनाजीचा धाकटा भाऊ नत्थू तेव्हा रेच्यावर होता. लाकूड जळताना तडतडतं, कडबा फुत्कारतो, निदान सांगतो तरी की मी जळतोय. कापसाची आग बोलत नाही. कापूस आधी नुसता पिवळा होतो, मग ज्योत वरच्या वर गंजीवरून पळत जाते, आणि माणसाला वाटतं विझली. ती आत उतरलेली असते. नत्थू विझलेल्या गंजीवर पाय देऊन चढला होता.

ती आग कशी लागली हे कुणाला सांगता आलं नाही. फाटकावर तेव्हा तानबा नावाचा म्हातारा होता. त्याने मारुतीच्या शेंदराला हात लावून सांगितलं की आपण त्या दिवशी एकही काडी आत जाऊ दिली नाही. मग तो म्हणाला, "कावयानं नेली असंन."

फाटकासमोर रस्त्यापलीकडे मारुतीचा पार होता. तिथे लोक तेलाचे दिवे लावत. तेलात भिजलेल्या वातीवर कावळ्याचा जीव असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. जळती वात चोचीत धरून उडालेला कावळा बऱ्याच जणांनी पाहिला होता, निदान पाहिला असं सांगणारा माणूस पाहिला होता. तानबाचं म्हणणं भैय्याजींनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. पुनाजीने ते धरून ठेवलं. नत्थूच्या दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. लोक उन्हात बसून राहिले, पुनाजीने काय काय कबूल केलं, शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर होते. ते पिंडाकडे पाहत होते आणि येत नव्हते. पुनाजीला त्या दिवशी पटलं की ते लाजताहेत.

तानबा मेल्यावर पुनाजीने फाटक मागून घेतलं. सखू तेव्हा घरी होती. हंगामाच्या दिवसांत घरी बसणं परवडणारं नव्हतं, पण जिनच्या आत पाऊल टाकायला ती तयार होईना. ती म्हणाली, "तुमी फाटकावर बसान त म्या जाईन. दुसऱ्या कोनाच्या भरवशावर नाई जात." तेव्हापासून तो बाहेर आणि ती आत. ती गंजीच्या पायथ्याशी बसून कवडी वेचायची, म्हणजे चांगल्या कापसातून डागाळलेला, किडका कापूस वेगळा काढायची. तिला त्यासाठी पाहावं लागत नसे. बोटं कापसात शिरत, शेजारणीशी बोलणं चालू राही आणि बोटं कवडी घेऊन बाहेर येत.

माणसांची झडती पुनाजी घेत होता. कावळ्याची घेता येत नव्हती. पारावरून उठलेला कावळा त्याच्या डोक्यावरून, फाटकावरून सरळ आत जाई आणि गंजीवर उतरे. पुनाजी हातात दगड घेऊन मागे धावे. दगड आत फेकायचीही चोरी होती, कापसातला दगड रेच्यात गेला की ठिणगी. शेवटी त्याने भैय्याजींना गाठलं. भैय्याजी हौशी माणूस. नागपूरहून त्यांनी मुलांसाठी आणलेलं हवेचं पिस्तूल कपाटात पडून होतं, छर्‍याचं, चांगलं हातभर लांब नळीचं. त्यात दारू नाही, ठिणगी नाही, नळी मोडून पुन्हा सरळ केली की हवा दाबली जाते आणि चाप ओढला की शिशाचा छर्रा सुटतो. भैय्याजींनी ते त्याच्या हातात दिलं.

"ले, पुनाजी. तुझी फौज उभी कर. पण माणसाकडे नळी नाही करायची, समजलं? नळी हमेशा आसमानात."

पुनाजीने ते शपथेसारखं घेतलं. पिस्तूल खांद्यावर असो, हातात असो, कुठे टेकवून ठेवलेलं असो, नळी आकाशाकडे.

पहिले दोन हंगाम त्याचा नेम बरा होता. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसवायची, माशीवर कावळा बसवायचा, श्वास धरायचा. कावळा मरत नसे बहुतेक, धपकन खाली येई, फडफडून उठे आणि काही दिवस तिकडे फिरकत नसे. सखू त्या दिवशी जेवत नसे.

"थो नत्थू असंन," ती म्हणायची. "पिंडाले नाई शिवला, आता पाह्याले येऊन राह्यला. अन् तुमी त्याले छर्रे मारता."

"नत्थू असता त त्यानं तोंडात वात नसती आनली."

"त्याच्या तोंडात पाह्यली का वात तुमी?"

पुनाजीने पाहिली नव्हती. आणि पाहू शकेल असे दिवसही सरत आले होते. चोपन्नच्या थंडीत कावळ्यांच्या कडा विरघळू लागल्या. आधी माशी दिसली तर कावळा दिसेना, मग दोन्ही दिसेनात. पारावरचा मारुती एक लाल डाग झाला. झडतीला त्याचं काही अडलं नाही, ती हातांची होती. पण पिस्तूल खोटं बोलू लागलं. छर्रे पत्र्यावर टणटण वाजत आणि कावळा मान वाकडी करून आवाज ऐकत बसे.

"मामा, कावया तुमाले हासून राह्यला," जंगलू आतून ओरडे. "म्हनते, या फाटकवाल्याले सांगा, म्या इकडं हावो!"

हे हसणं ऑफिसापर्यंत गेलं. भैय्याजी एक दिवस फाटकाशी थांबले. आवाज गोड होता.

"पुनाजी, डोळे ठीक आहेत ना? नाहीतर बोल. आत सावलीत बसून बारदान शिवायचं काम देतो. फाटकाला दुसरा माणूस पाहू."

"ठीक हायेत मालक. पिस्तुलाची माशी ढिली झाली. नवी लावून आनतो."

त्याने पहिल्यांदा खोटं सांगितलं आणि ते सांगताना त्याची नजर आत, गंजीच्या पायथ्याशी गेली. तिथे रंगीत ठिपके बसलेले होते. त्यातला हिरवा ठिपका सखू होती. फाटकावर दुसरा माणूस, आणि ती आत. तो माणूस कंदिलाच्या काचेवर हात ठेवील? कानामागे बोट घालील? वर पाहील?

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो बसने हिंगणघाटला गेला. तिथे एका बोळात हिरालाल घडीसाज बसे. घड्याळं, स्टोव्ह, चष्म्यांच्या काड्या, शिकाऱ्यांच्या बंदुका, जे लहान आणि अवघड असेल ते हिरालालकडे जाई. बोळ इतका चिंचोळा की दुपारीही त्याच्या दुकानात रॉकेलची चिमणी जळत असे. पुनाजीने उंबऱ्यावरच हुंगून पाहिलं. त्याला चिमणीचा वास चांगला कळायचा.

हिरालालने पिस्तूल उलटसुलट पाहिलं, डोळ्याला लावलं, मग पुनाजीकडे पाहिलं.

"माशी तर पक्की आहे."

पुनाजीने पिस्तूल परत घ्यायला हात पुढे केला.

"डोळा कोणता जाऊन राह्यला? उजवा?"

"दोन्ही."

"मग चष्मा घे ना. पिस्तुलाले काऊन दवाई पाजतो?"

"चष्मा तोंडावर दिसते," पुनाजी म्हणाला. "फाटकवाल्याच्या तोंडावर चष्मा दिसला की संपलं. लोक समजतात, याले दिसत नाई. जे पिस्तुलात बसन थेच दे."

हिरालालने हसून डबा उघडला. आधी त्याने एक मोठी माशी काढली, पितळेची, ज्वारीच्या दाण्याएवढी, उन्हात चमकणारी. ती नळीवर धरली. पुनाजीने बोळाच्या तोंडाकडे नेम धरला. माशी दिसली, चांगली दिसली. पण तिच्याएवढाच दिसणारा कावळा तिच्यामागे झाकून गेला असता. मग हिरालालने मागच्या खाचेच्या जागी भोकाची पट्टी धरली. भोकातून जग थोडं रेखीव झालं, पण अंधारलं. पुनाजी म्हणाला, "विहिरीत पाह्यल्यावानी वाटते."

मग एक दुर्बीण निघाली. कुण्या साहेबाच्या रायफलीवरची, गोरे गेले तेव्हा मागे राहिलेली. हिरालालने ती पिस्तुलावर ठेवून दाखवली.

"पाहा. हात लांब करून पाहा."

पुनाजीने हात लांब केला. दुर्बिणीत काळं होतं.

"रायफलीचं दूरबीन डोळ्याले चिकटून राह्यते. पिस्तूल राह्यते हातभर दूर. तुले त्यात आपलीच पापणी दिसंन, नाहीतर काहीच नाही. आणि वजन पाहिलं? नळी जमीन खोदंन."

पुनाजीने ती खाली ठेवली. ठेवताना तो तिच्यावरून हात फिरवत राहिला. हिरालालला बहुधा दया आली. त्याने फडताळाच्या मागून एक काच काढली, रुपयाएवढी, फुगीर, काठाला पितळेची कडी.

"हे भिंग नळीच्या तोंडावर उभं करू. मागे भोकाची पट्टी, तिच्यात एक चिमुकली काच. दोन्ही हातांनी पिस्तूल डोळ्याजवळ आणून पाहायचं. घरगुती दुर्बीण. सुंदर नाही दिसणार, पण दिसंन."

पट्टी बसवून, भिंग मेणाने तात्पुरतं चिकटवून त्याने पिस्तूल दिलं. पुनाजीने बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवर एक चिमणी बसली होती. तिच्या गळ्याखालचा काळा डाग दिसला. चोच उघडमिट करताना दिसली. चोचीत काही नव्हतं, हेही दिसलं. पुनाजीने पिस्तूल खाली घेतलं.

"हेच."

हिरालालने जळत्या चिमणीच्या ज्योतीवर लाख वितळवली आणि भिंगाची कडी नळीवर बसवली. पिस्तूल परत देताना त्याने एकच बजावलं. "उन्हात टाकून ठेवजो नको. लाख पघळते. भिंग वाकडं झालं की नेम गेला. सावलीत, थंडीत ठेवजो."

त्या बोळात ऊन कधी आलं नव्हतं. सूर्यापुढे भिंग काय करतं हे हिरालालला ठाऊक असेलही, पण त्या दुकानात बसून ते आठवायचं कारण नव्हतं. त्याला लाखेची काळजी होती, त्याने लाखेचं सांगितलं. पुनाजीने तेही शपथेसारखं घेतलं.

माघात त्याने पहिला कावळा पाडला, पारावरून उठता उठता. मग जंगलूनेच टाळी वाजवली. "मामा, माफ करा! कावया आता तुमाले हासत नाई." भैय्याजी ऑफिसातून बाहेर आले, पिस्तूल हातात घेऊन त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "वा! हे तर विलायती काम झालं." बारदान शिवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुनाजीने पडलेल्या कावळ्याची चोच उघडून आत बोट घातलं. चोच रिकामी होती. त्याने कावळा कुंपणापलीकडे टाकला.

सखूने ते लांबून पाहिलं. संध्याकाळी वाटेत ती म्हणाली, "आता त्याचीबी झडती घेता तुमी."

"घेतो."

"सापडलं काई?"

पुनाजी पुढे चालत राहिला.

पिस्तूल तो जपत होता. जिनमध्ये जे थंड ठेवायचं ते कापसात ठेवत. पाण्याची घागर बाया कापसात पुरत, दह्याचं गाडगं कापसात, एकदा भैय्याजींच्या घरच्या लग्नाला नागपूरहून बर्फ आला तो दोन दिवस कापसाने सांभाळला. कापसात ऊन शिरत नाही, हे तिथलं लहान पोरही सांगे. म्हणून आतली फेरी झाली आणि फाटकावर बंड्या आल्या की पुनाजी गंजीच्या सावलीकडच्या अंगाला मुठीने एक खळगा करी, आणि पक्ष्याचं पिल्लू घरट्यात ठेवावं तसं पिस्तूल त्यात ठेवी. मूठ कापसात, नळी आकाशाकडे. ऊन त्या बाजूला वळायच्या आत तो ते घ्यायला येई. बंड्या नसल्या की पिस्तूल त्याच्या खांद्यावर असे, दुपट्ट्यावर, नळी वर.

फाल्गुन लागला. नाल्याकाठचा पळस पेटल्यासारखा फुलला. हंगामाचा शेवटचा कापूस येत होता आणि गंजी पत्र्याच्या वळचणीला टेकली होती. गावात होळीसाठी लाकडं जमू लागली. भैय्याजींनी दरवर्षीप्रमाणे सांगून पाठवलं की होळी गावाच्या त्या टोकाला करा.

एका संध्याकाळी सखू पुनाजीचा दुपट्टा धुवायला घेऊन बसली आणि थांबली. खांद्यावर जिथे दुपट्टा दुहेरी होतो तिथे एक भोक होतं. मसुराएवढं, गोल, काठ करपलेले. दोन्ही घड्यांतून आरपार.

पुनाजीने ते भोक बोटाने चाचपलं. पुन्हा चाचपलं. त्याचा चेहरा सखूला ओळखू येईना.

"बिडी," तो म्हणाला. "आत कोनी बिडी वढून राह्यला. थिनगी उडून पडली."

"तुमच्या खांद्यावर? अन् तुमाले समजलं नाई?"

"कावयाच्या मागं होतो म्या. सारा दिवस वर पायत होतो." तो उभा राहिला. "आत इस्तो गेला, सखू. माह्या हाताखालून गेला."

दुसऱ्या दिवसापासून झडती अंगावर येऊ लागली. त्याने पायताणं काढायला लावली, केसांत बोटं घातली, तोंडं उघडायला लावली. लोकांचं हसणं थांबलं. जंगलूची पाळी आली तेव्हा पुनाजीने त्याच्या बोटांचा वास घेतला. बोटांना बिडीचा वास होता. कुणाच्या नव्हता? जिनच्या बाहेर सगळेच ओढत.

"मामा, रस्त्यावर वढली. फाटकाच्या भायेर. तुमच्या डोयासमोर माचिस ठेवली ना फयीवर."

"एक ठेवली. दुसरी कुठी हाये?"

"दुसरी? मले एक घ्याले होत नाई, दुसरी कुठची आनू?" जंगलू हसला. नेहमीच्या सवयीने हसला. ते हसणं पुनाजीला पुरेसं झालं. त्याने भैय्याजींना दुपट्टा नेऊन दाखवला. भैय्याजींनी भोकाच्या करपलेल्या काठावर नख फिरवलं आणि जंगलूला त्याच दिवशी काढून टाकलं. जाताना जंगलूने फळीवरची आपली माचिस उचलली, चुन्याचं बोट असलेली. या वेळी तो हसला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी तो परत आला.

जेवणाची सुट्टी होती. बाया गंजीच्या सावलीला आडव्या झाल्या होत्या. सखू खळग्याजवळच होती, पदर तोंडावर घेऊन. पुनाजी पिस्तूल खळग्यात ठेवून फाटकावर आला होता. एकच बंडी होती, ती आत सोडून तो परत फिरणार, तेवढ्यात समोर जंगलू उभा.

"मामा, मालकाले भेटू द्या. रेच्यावर नाई त कुठीबी ठेवा म्हनतो."

"कंबर सोड."

"आत काम नाई माहं. ऑफिसातच जातो."

"कंबर सोड."

जंगलूने कंबर सोडली. घडीतून एक माचिस खाली पडली. चुन्याचं बोट. पुनाजीने ती उचलली आणि हलवली. आवाज आला नाही.

"खाली हाये," जंगलू म्हणाला. "काडी घ्याले पैसा पाह्यजे. काम पाह्यजे."

"मंग घडीत काऊन?"

"फयीवर ठेवाले आनली, मामा!" जंगलू ओरडला. "सारे ठेवतात तशी! खाली हाये म्हनून ठेवू नये का?"

पुनाजीने त्याचा दंड धरला. त्याने पटका सोडायला लावला, पायताणं उलटी केली, पुन्हा पेटी उघडली, पुन्हा मिटली. त्या मिटलेल्या पेटीत काहीतरी असलंच पाहिजे. आवाज ऐकून भैय्याजी ऑफिसाच्या पायरीवर आले. बोलणं वाढत गेलं. पुनाजीच्या पाठीमागे ऊन गंजीच्या माथ्यावरून ओघळलं आणि सावलीच्या बाजूला उतरू लागलं. सावली बायांच्या पायांवरून सरकली. कुणीतरी झोपेत पाय आखडून घेतले.

आधी बंडीचे बैल बुजले.

पुनाजी वळला. गंजीच्या अंगातून धुराचा एक बारीक दोरा वर चालला होता, सरळ, वारा नसल्यासारखा. त्याने सगळ्यांत आधी वर पाहिलं. पत्र्याचं पाखं, वळचण, पार, पारावरचा पिंपळ. आभाळ पांढरं होतं आणि त्यात एकही कावळा नव्हता. जंगलूचा दंड अजून त्याच्या हातात होता.

मग ज्योत गंजीवरून पळाली.

बाया उठल्या, किंचाळल्या, फाटकाकडे धावल्या. जंगलूने हात झटकून सोडवला आणि वाळूची बादली उचलून उलट दिशेने धावला. पुनाजी ठिपके मोजू लागला. लाल, पिवळा, पुन्हा लाल. हिरवा नव्हता. तो धुरात शिरला तेव्हा ती समोरून येत होती. पदर जळून गेला होता, भुवया नव्हत्या. दोन्ही हात तिने छातीशी घट्ट धरले होते आणि हातांत पिस्तूल होतं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचा डोया वाचवला म्या. त्याच्याखालीच लागली होती पाहा, बुडाशी. हात घालून काढलं."

पितळेची कडी तिच्या तळव्याला चिकटली होती. सोडवताना कातडी तिच्याबरोबर आली. तिला फाटकाबाहेर आणून बायांनी तिचे हात पाण्याच्या घागरीत घातले. घागरीचं तोंड लहान होतं. एकेक हात घालावा लागला.

गंजी गेली. पाखं वाकून खाली आलं. आत कुणी अडकलं नव्हतं. भैय्याजींचे कपडे काळे झाले होते आणि त्यांनी जंगलूची मानगूट धरली होती. जंगलूच्या पायाला वाळू चिकटली होती, केस करपले होते. भैय्याजींच्या दुसऱ्या हातात ती माचिस होती.

"पुनाजी, तू बोलत होतास! मी ऐकलं नाही. बोल आता सगळ्यांसमोर. पोलिसाला बोलावलंय. बोल, काय सापडलं याच्याजवळ?"

पुनाजीच्या हातात पिस्तूल होतं. काच फुटली नव्हती. लाख वितळून भिंग थोडं कलंडलं होतं, आणि त्याच्या सवयीप्रमाणे नळी आकाशाकडे होती. नळीच्या मागे, त्याच्या मनगटावर उन्हाचा एक ठिपका पडला होता. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, फार पांढरा. इतका लहान की धुरकट डोळ्यांनाही दिसला. तो चावला. पुनाजीने हात मागे घेतला नाही. "त्याच्याखालीच लागली होती पाहा," सखू म्हणाली होती. त्याने आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यातल्या भोकाला हात लावला.

मग त्याने वाकून सखूच्या निऱ्यांत अडकलेला कापसाचा एक फाया काढला. ती घागरीत हात घालून त्याच्याकडे पाहत होती. त्याने फाया त्या ठिपक्याखाली धरला. सगळे पाहत होते, काय चाललंय हे कुणाला कळत नव्हतं. ठिपका फायावर थरथरला, मग स्थिर झाला.

कापूस आधी नुसता पिवळा झाला. मग त्यातून धुराचा बारीक दोरा निघाला, सरळ.

भैय्याजींचा हात जंगलूच्या मानेवरून सुटला. फाया पेटला आणि पुनाजीच्या बोटांपर्यंत आला. त्याने सोडला नाही. जंगलूनेच पुढे होऊन त्याच्या हातावर चापट मारून तो खाली पाडला आणि पायाने विझवला.

"सोडा ना, मामा. पोयते."

पुनाजी फाटकाकडे चालत गेला. फळीवर माचिशी ओळीने मांडलेल्या होत्या, लाल दोऱ्याच्या, चावलेल्या कोपऱ्यांच्या. त्याने दोन पेट्या बाजूला सारून जागा केली आणि पिस्तूल तिथे आडवं ठेवलं, भिंग भिंतीकडे करून. मग तो परत आला, जंगलूसमोर उभा राहिला, आपली कंबर सोडली, दोन्ही हात वर केले.

जंगलू हलला नाही. मागे सखू कण्हत होती आणि एका बाईने तिचा दुसरा हात घागरीत घातला.

"घे," पुनाजी म्हणाला.